डोळे गिळणाऱ्या ट्यूबलाइटला खुले पत्र

भिंतीवरच्या ट्यूबलाइट,

'प्रिय' मुद्दामच लिहिलेलं नाही. लालबागच्या आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत, देव्हाऱ्याच्याही वर, तू तीस वर्षं ठाण मांडून बसली आहेस. आधी चोकवाली होतीस, फडफडत लागायचीस. आता एलईडीची झालीस. रूप बदललं, खोड गेली नाही.

माझी मामेबहीण एकांकिकांमध्ये कामं करते. तिला ऑडिशनसाठी हेडशॉट हवा होता, छातीपासून वरचा, चेहऱ्याचा साधा फोटो. स्टुडिओचे पैसे परवडेनात, म्हणून मित्राचा कॅमेरा आणला आणि तिला तुझ्याखाली बसवलं. साठ फोटो काढले. साठही वाया गेले. डोळ्यांच्या जागी दोन खड्डे, नाकाखाली मिशीसारखी सावली, कपाळ चकाकतंय. एका गालावर दारातून येणारा दिवसाचा उजेड आणि दुसऱ्यावर तुझी हिरवट कळा. कॅमेऱ्याला एका वेळी एकाच रंगाचा उजेड पांढरा धरता येतो. तुला धरलं की दिवस जांभळट होतो, दिवसाला धरलं की तू गाल हिरवा करतेस. बावीस वर्षांची मुलगी आठवडाभर रात्रपाळी करून आल्यासारखी दिसत होती. तिने स्क्रीनकडे पाहून विचारलं, "दादा, मी अशी दिसते?" हे तिला तुझ्यामुळे विचारावं लागलं.

तुझा गुन्हा नेमका काय, ते मला आमच्याच गल्लीत कळलं. श्रावणात इथल्या गणपतीच्या कारखान्यांत डोळ्यांची आखणी चालते. सगळं रंगकाम झालेलं असतं, तरी मूर्ती अजून मातीचीच वाटते. मग मूर्तिकार श्वास रोखून काळ्या बुबुळावर पांढरा ठिपका ठेवतो आणि मूर्ती तुमच्याकडे बघू लागते. माणसाच्या डोळ्यात तो ठिपका म्हणजे समोरच्या दिव्याचं प्रतिबिंब. फोटोवाले त्याला कॅचलाइट म्हणतात. तू डोक्यावर असतेस, भुवई आड येते, ठिपका पडत नाही. माणूस तुझ्याखाली आखणी न झालेल्या मूर्तीसारखा बसून राहतो.

तू म्हणशील, तुझ्याशिवाय या खोलीत फोटो निघालाच नसता. खोटं आहे. दादासाहेब फाळके आधी छायाचित्रकार होते. 1912 मध्ये दादरला, आज ज्या रस्त्याला त्यांचं नाव आहे तिथे, त्यांनी 'राजा हरिश्चंद्र'चा सेट लावला आणि सूर्याच्या उजेडावर चित्रीकरण केलं. 3 मे 1913 रोजी तो सिनेमा गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये लागला. मीही तुला बंद केलं आणि बहिणीला दाराशी, गॅलरीकडे जरा तिरकं तोंड करून बसवलं. गॅलरीचं छप्पर थेट ऊन अडवतं आणि उघडं दार साडेसहा फुटांचा मऊ दिवा होतं. अंधाऱ्या गालाच्या बाजूला पांढरा सनबोर्ड धरला. (पूर्वी मखरातलं थर्माकोल घरात पडलेलं असायचं; 2018 च्या बंदीनंतर सनबोर्डच बरा.) पहिल्याच फोटोत दोन्ही डोळ्यांत दार दिसलं. या वेळी फोनच वापरला; तो जवळ नेऊन नाक मोठं करण्यापेक्षा पाच फुटांवर उभं राहून 2एक्स लावलं, एवढीच काळजी घेतली.

रात्रीसाठी फोर्टातल्या बोरा बाजारातून एक जुना फ्लॅश, एक स्टँड आणि एक पांढरी छत्री आणली. स्टँड पडू नये म्हणून पायाला तांदळाची पिशवी बांधते आई. फ्लॅश छत्रीतून मारायचा. छत्री चेहऱ्यापासून तीन फुटांवर, पंचेचाळीस अंशांत, डोळ्यांच्या थोडी वर. आता ऐक, इथेच तुझा पुरता पराभव आहे. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाईवर येतो. माणसाला भिंतीपासून तीन-चार फूट पुढे ओढून बसवलं, तर चेहरा दिव्यापासून तीन फुटांवर आणि भिंत सहा-सात फुटांवर. म्हणजे भिंतीला चेहऱ्याच्या चौथाईपेक्षा जास्त उजेड पोचत नाही. कॅलेंडर, कपड्यांची दोरी, कुकरचं शेल्फ, सगळं मागे अंधारात विरतं. दहा बाय बाराच्या खोलीत स्टुडिओ होतो तो असा. तुला तर एवढी समज कधीच नव्हती. तू चेहऱ्यावर आणि कुकरवर सारखाच उजेड टाकत आलीस. आधी फ्लॅशशिवाय एक फोटो काढून बघतो: शटर 1/125, छिद्र 5.6, आयएसओ 100. तो काळाकुट्ट आला की समजायचं, तू हिशेबातून गेलीस.

बहिणीचा फोटो झाला. तिने तो पाठवला, तिला बोलावणंही आलं. तरी तुला माफी नाही.

बाबांच्या साठीला औक्षण झाल्यावर एक फोटो काढला होता, तुझ्याखाली. वर्षभराने तोच फ्रेम करावा लागला. फ्रेमवाल्याने डोळ्यांची जागा उजळून पाहिली. तिथे राखाडी डागाखेरीज काही नव्हतं. बाबांचे डोळे घारे होते. आता ते सांगावं लागतं, दाखवता येत नाही. त्या दिवशी मला एवढंच माहीत असायला हवं होतं की तुला बंद करून त्यांना चार पावलं दाराकडे न्यायचं आहे.

तेव्हा निकाल ऐक. स्वयंपाकाला जळ, अभ्यासाला जळ, रात्री किल्ली शोधायला जळ. या घरात कुणाच्या चेहऱ्यासमोर कॅमेरा आला की तुझं बटण बंद, दर वेळी.

आणि हे पत्र वाचणाऱ्यांनो, तुमच्या घरात आई-वडील असतील तर या रविवारी सकाळी ट्यूब बंद करा, त्यांना दाराशी बसवा आणि डोळ्यांत ठिपका दिसेपर्यंत खुर्ची सरकवत राहा.