बेगडकाकू

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी, कुरखेड्याच्या कुठल्याही चौकात जाऊन उभं राहावं. लाकडी नंदीची दोरी ओढत पोट्टे येत असतात. त्यात दोन कृष्ण, एक जिजाऊ, एक डॉक्टर, गळ्यात नांगराची प्रतिकृती अडकवलेला एक रडवेला शेतकरी आणि जिला शू लागली आहे पण मुकुटामुळे सांगता येत नाही अशी एक भारतमाता. प्रत्येकाच्या मागे दोन पावलांवर एक बाई चालते. तिच्या तोंडात टाचण्या, खांद्यावर सुईदोऱ्याची पिशवी आणि नजर पुढच्या पोट्ट्याच्या मुकुटावर. या बाईला आम्ही बेगडकाकू म्हणतो. बैलाच्या शिंगांना चिकटवायचा तो चकचकीत बेगड हिच्या घरात बाराही महिने असतो, बैल असो वा नसो.

बेगडकाकू प्रत्येक गल्लीत एक तरी असतेच. ती कधी आई असते, कधी आजी, कधी अंगणवाडीतली बाई. क्वचित एखादे निवृत्त गुरुजीही या जातीत जन्माला येतात. लक्षण एकच. वेशभूषेचे कपडे भाड्यानं मिळतात हे तिला ठाऊक असतं आणि भाड्यानं आणणाऱ्या आयांबद्दल तिचं मत चांगलं नसतं.

तान्हा पोळा हा विदर्भाचा सण, तेव्हा पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. पहिल्या दिवशी खऱ्या बैलांचा पोळा. शिंगं रंगतात, झुली चढतात, तोरणाखाली झडत्यांची गाणी म्हणतात. दुसरा दिवस लेकरांचा. लाकडी बैल घेऊन ती घरोघरी जातात आणि लोक त्यांच्या हातावर पैसे ठेवतात, त्याला बोजारा म्हणतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ मध्ये ही प्रथा सुरू केली असं सांगतात. लहान मुलांना बैलाची किंमत कळावी एवढाच राजांचा हेतू होता. वेशभूषेची स्पर्धा त्यांच्या डोक्यात असेल असं वाटत नाही. ती काकूंची भर.

काकूची तयारी आखाडीपासून सुरू होते. बाहेर रोवणी चालू असते, सती नदी फुगलेली असते, आणि काकू पलंगाखालची लोखंडी पेटी बाहेर ओढते. त्या पेटीत काय नाही? बिस्किटपुड्यांचे चंदेरी कागद, लग्नपत्रिकांवरून कापून काढलेले गणपती, विरलेल्या साड्यांचे काठ, मोरपिसं, शिंप्याकडच्या चिंध्या, गेल्या निवडणुकीतले दोन विरोधी पक्षांचे गमछे (काकूच्या पेटीत त्यांची युती झालेली असते), आणि बुरडाकडून मागून आणलेल्या बांबूच्या कामट्या. गडचिरोली जिल्ह्यात बांबूला तोटा नाही. काकूच्या हातात कामटी आली की तिची तलवार होते, धनुष्य होतं, चष्मा होतो, आणि पोट्ट्यानं ऐकलं नाही तर कामटीच राहते.

पात्रयोजना लेकराच्या गुणांवर ठरत नाही, ती सामानावर ठरते. पुठ्ठा मुबलक असला तर झाशीची राणी. तणस उरली असली तर बुजगावणं. काहीच नसलं तर गाडगेबाबा. फाटकं धोतर, डोक्यावर खापर, हातात खराटा, झालं काम. बाबांनी जन्मभर साधेपणा शिकवला, तो वेशभूषेवाल्या आयांइतका कोणीच मनावर घेतला नाही. पण काकूची खरी महत्त्वाकांक्षा बाबूराव शेडमाके. आपल्याच जंगलातला वीर, इंग्रजांनी २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात फाशी दिलेला. ही तारीख काकू नातवाकडून रोज दात घासताना म्हणवून घेते. नातू फेस उडवत म्हणतो. वर्षभर त्याला दुसरी कुठली तारीख आठवत नाही, स्वतःच्या वाढदिवसाचीही नाही.

आता याच हातांना स्वयंपाकही करायचा असतो. पोळ्याच्या दिवशी पुरण झालेलं असतं, धोप्याच्या पानांच्या वड्या झालेल्या असतात, कोहळ्याची भाजी तर असतेच. दुसऱ्या दिवशी काकू उरलेलं कोहळं उकडून, गूळ आणि कणीक घालून बोंडं तळायला घेते, आणि शेजारच्या शेगड्यांवर एकीकडे कढी, दुसरीकडे मुकुटासाठी मैद्याची खळ शिजत ठेवते. दोन्ही पातेली सारखी, दोन्हींत पळी. काका बाहेरून येतात, पाटावर बसतात, पोळीचा तुकडा मोडतात आणि जवळच्या पातेल्यात बुडवतात.

"मीठ कमी आहे वो."

"अवो, ते मुकुटाचं आहे जी!"

काका दुसरा घास घेतात. संसाराला इतकी वर्षं झाल्यावर माणूस खळ आणि कढी यांत फार फरक करत नाही.

त्याच दिवशी सकाळी मारबत झालेली असते. नागपुरात काळ्या आणि पिवळ्या मारबतीचा पुतळा निघतो. काळी १८८१ पासून, पिवळी १८८५ पासून. इकडे गावागावांत लोक आपापल्या परीनं इडापिडा शिवेपार हाकलतात. म्हणजे भुतंखेतं सकाळी बाहेर काढायची आणि संध्याकाळी लेकरांनी सोंगं घेऊन दारोदार मागत फिरायचं, असा आमच्याकडे दिवसाचा क्रम आहे.

हे आठवायचं कारण काकूची अमेरिकेतली पुतणी. तिनं एकदा ऑक्टोबरअखेर फोनवर चेहरे दाखवत सांगितलं, की इकडे ३१ तारखेला हॅलोविन असतो, मुलं भुताखेतांचे कपडे घालून घरोघरी जातात, लोक चॉकलेटं देतात. काकू शांतपणे ऐकत होती. एवढ्यात पुतणीनं दारातलं कोहळं दाखवलं. आतून कोरलेलं, डोळे-दात कापलेले, पोटात दिवा.

"आतलं काय केलं गा त्याचं?" काकूनं विचारलं.

"फेकलं, काकू."

काकू गप्पच झाली. कोहळं फेकणं! पुतणीनं सावरायला म्हणून सांगितलं, की आयर्लंडमध्ये पूर्वी हे लोक सलगम कोरायचे, अमेरिकेत आल्यावर कोहळं धरलं. त्यानं काकूचं समाधान झालं नाही. "आन् ड्रेस?" तिनं पुढचा प्रश्न टाकला. "ऑनलाइन मागवला," पुतणी म्हणाली. इथं मात्र काकूनं फोन काकांच्या हातात दिला. नंतर तिनं सगळ्या गल्लीत सांगितलं, की आपला तान्हा पोळाच त्यायनं उचलून नेला, फक्त बैल विसरले. हॅलोविन रघुजीराजांच्या कितीतरी आधीचा आहे, हे मी सांगून पाहिलं. काकूला इतिहासाची अडचण होत नाही.

स्पर्धेचा दिवस मात्र काकूच्या ताब्यात राहत नाही. एका वर्षी तिनं नातवाला झाड केलं होतं. पर्यावरणावरचं सोंग असलं की परीक्षक विरघळतात असा तिचा अनुभव. अंगाला पोतं, पोत्यावर ताजी पळसाची पानं शिवलेली, डोक्यावर फांदी. वाक्यं दोनच: "मी झाड आहे. मला तोडू नका." नातू रांगेत उभा असताना मागून कोणाची तरी बकरी आली. तिनं आधी वास घेतला, मग एक पान, मग दुसरं. पोट्टा हलला नाही, कारण काकूनं बजावलं होतं की झाड हलत नसतं. नंबर पुकारेपर्यंत मागची बाजू पोत्यापर्यंत साफ झाली होती. तो मंचावर गेला, माईकला तोंड लावलं आणि वाक्य बदललं: "मला खाऊ नका." मंडपात एवढं हसू झालं की पहिला नंबर त्यालाच जाईल असं वाटलं. परीक्षकांनी उत्तेजनार्थ दिला, स्टीलचा डबा. काकूचं म्हणणं, परीक्षकांची भाची कृष्ण होती. एवढंच नाही, तिची बासरी विकतची होती.

आमच्याकडे हे वेड नुसतं सणाचं नाही. दिवाळी झाली की वडसा-देसाईगंजहून नाटकांच्या कंपन्या निघतात आणि धानाच्या कापलेल्या बांध्यांतून रात्रभर नाटकं रंगतात. झाडीपट्टी रंगभूमीचा हा हंगाम होळीपर्यंत चालतो. कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. आयुष्यभर त्यांनी लोकांना हसवलं, प्रयोगांची संख्या हजारांत. काकू हा आकडा शस्त्रासारखा वापरते. नातू वाक्य विसरला की म्हणते, "आपल्या तालुक्यात पद्मश्री आहे, आन् तुले दोन वाक्यं पाठ होत नाही?" तिच्या बालपणी बायकांनी मंचावर उभं राहण्याची सोय तिच्या घरात नव्हती, असं एकदा काका सहज बोलून गेले. काकूनं त्यांच्याकडे असं पाहिलं की ते लगेच बोंडांबद्दल बोलू लागले. मीही पुढे विचारलं नाही. पण नातू माईकसमोर उभा असतो तेव्हा मंडपाच्या कडेला काकूचे ओठ हलत असतात, हावभावांसकट. आणि खरं सांगायचं तर ती नातवापेक्षा चांगलं काम करते.

पोळा संपतो, नंदी माळ्यावर जातो, बोजाऱ्याचे पैसे कुल्फीत जातात. काकूचा संसार पेटीत परत जातो, त्यात पहिल्यापेक्षा चार गोष्टी जास्तच. काकांना याचा पत्ता कार्तिकात लागतो. मंडईची जत्रा भरते, पाहुणे येतात, रात्री नाटकाला जायचं असतं, आणि काका कपाट उघडून उभे राहतात.

"माझं पांढरं धोतर कुठी गेलं वो?"

"कोनतं?"

"एकच आहे ना!"

"ते गांधीजीले दिलं होतं मागच्या साली."

"मंग परत आलं होतं ना? मी नेसलो होतो."

"आलं होतं ना जी. मंग औंदा गाडगेबाबाले दिलं. आता बाबाले नवं धोतर शोभते का? थोडं फाडा लागलं."

काका थोडा वेळ कपाटाकडे बघत राहतात. मग मुकाट्यानं पँट चढवतात, मफलर गुंडाळतात, पाहुण्यांना हाक मारतात. ते फाटकापर्यंत पोचतात न पोचतात तोच आतून काकूचा आवाज येतो:

"अवो, नाटक सुटलं की मंचामागं पुठ्ठे पडून राहते. दोन-चार उचलून आनजा!"