गडग्यावरचं म्युनिक

आमचं आगर आणि शेजारच्या वहिनींचं आगर यांच्यामध्ये कमरेएवढा जांभ्या दगडाचा गडगा आहे. तो कुणाच्या आजेसासऱ्यांनी घातला यावर दोन्ही घरांत वाद आहे, पण त्यावर कोपरं टेकून बोलायचा हक्क आम्हा दोघींचा, याबद्दल कुणाचं दुमत नाही. यंदा तीन महिने तो गडगा सुना पडला होता. गणपती पोचवले आणि वहिनी-भाऊ लेकीकडे म्युनिकला गेले. व्हिसा नव्वद दिवसांचा, त्यामुळे डिसेंबर उजाडताच चिपळुणात परत.

परवा सकाळी मी नातवाला रिक्षाकाकांपर्यंत पोचवायला निघाले होते. दप्तर माझ्या खांद्यावर, पाण्याची बाटली माझ्या गळ्यात, डब्याची पिशवी माझ्या हातात. नातू पुढे, मोकळ्या हातांनी, काठीनं गडगा बडवत. पलीकडे वहिनी सूप घेऊन कुळीथ पाखडत होत्या.

"माई, शाळेत कोण चाललंय? तुम्ही की तो?"

मी काही बोलले नाही. त्याला पाणंदीच्या तोंडाशी रिक्षात कोंबलं आणि परतले ती थेट गडग्याशी.

"काय म्हणालात मघाशी?"

"काही नाही हो. चिऊची आठवण झाली, लेकीच्या धाकटीची. यंदा पहिलीत गेली ना. चालत जाते. एकटी."

"एकटी? परदेशात?"

"परदेश तुम्हाआम्हाला. तिचं ते गावच. सुरुवातीचे थोडे दिवस आईबाप बरोबर चालतात, रस्ता दाखवतात. कुठे ओलांडायचा, कुठे थांबायचं, त्याचा नकाशा मिळतो. डोक्याला पिवळी टोपी, गाडीवाल्याला लांबून दिसावी म्हणून. आणि चौकात हातात थांबा-पाटी घेऊन कुणी आजोबा नाहीतर आजी उभे असतात, स्वखुशीनं. गाडीनं फाटकापर्यंत सोडलेलं शाळेला आवडत नाही. अशा गाड्यांना तिकडे आईबापांची टॅक्सी म्हणतात, आणि कौतुकानं नाही हं!"

"आणि तुम्ही सोडलीत तिला एकटी?"

वहिनींनी सूप खाली ठेवलं. इकडेतिकडे पाहिलं. भाऊ विहिरीवर होते.

"कुणाला सांगू नका. तीन दिवस मागनं गेले. झाडाआडून. पण माई, म्युनिकमध्ये नऊवारी नाही तर नाही, पाचवारी नेसलेली बाई झाडाआड लपत नाही, झाड तिच्याआड लपतं. चौथ्या दिवशी चौकातले आजोबा हसत म्हणाले, 'ओमा, नाख हाउझं!' ओमा म्हणजे आजी. पुढच्याचा अर्थ मला लेकीला विचारावा लागला नाही."

वहिनी जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं शिकवून निवृत्त झालेल्या. त्यामुळे दुसऱ्याच्या शाळेत गेल्या की त्यांचं लक्ष फळ्याकडे आधी जातं. माझं दप्तराकडे.

"दप्तर तरी हलकं असेल तिकडे."

"हलकं असेल, पण किंमत विचारू नका. दोन-अडीचशे युरो! आपले वीस-पंचवीस हजार रुपये."

"अगो बाई! चांदीची कडी आहे का त्याला?"

"सरकारी शाळेला फी नाही, पुस्तकं शाळाच वापरायला देते, वर्षअखेरी परत करायची. म्हटलं, वाचलं ते सगळं दप्तरात गेलं. आणि पहिल्या दिवशी काय मजा! प्रत्येक मुलाच्या हातात पुठ्ठ्याचा भलामोठा शंकू. चिऊपेक्षा शंकूच उंच वाटत होता. आत खाऊ, रंगपेटी, खोडरबर, छोटी खेळणी. दोनेकशे वर्षांची रीत आहे म्हणे, सॅक्सनी-थुरिंगियाकडून आलेली. तिकडे मुलांना गोष्ट सांगतात की गुरुजींच्या घरी एक झाड असतं, त्याला हे शंकू लागतात. फळ मोठं झालं की समजायचं, पोर शाळेत जायला तयार."

"आणि कितव्या वर्षी होतं हे फळ मोठं?"

"सहाव्या."

"सहाव्या वर्षी पहिली असेल. पण अक्षरं?"

"अक्षरं तेव्हाच. पहिलीत."

आमचा नातू सहाचा व्हायचाय. सीनिअर केजीत आहे. त्याला पन्नासपर्यंत स्पेलिंगसकट आकडे येतात आणि बुटाची नाडी येत नाही. हे मी बोलले नाही, पण वहिनींना गडग्यापलीकडचं सगळं कळतं.

"मग केजी कशाला म्हणायचं ते?" मी विचारलं.

"तीच तर गंमत! केजी हा शब्दच त्यांचा. किंडरगार्टन. फ्रोबेल नावाच्या गुरुजींनी 1837 साली थुरिंगियातल्या एका गावात लहानग्यांसाठी संस्था काढली आणि 1840 साली तिला हे नाव दिलं. किंडर म्हणजे मुलं, गार्टन म्हणजे बाग. डीएडला शिकलो होतो, पण परीक्षेपुरतं. तिथे जाऊन ती बाग पाहिली तेव्हा कळलं."

"मुलांची बाग." मी म्हटलं. "म्हणजे बालवाडीच की हो! आपली पोफळीची वाडी, तशी मुलांची वाडी."

वहिनी माझ्याकडे बघतच राहिल्या. तीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला पाचवी-सहावी शिकलेल्या शेजारणीनं शिकवावं, असा योग वारंवार येत नाही. मग त्याच म्हणाल्या, "खरंच की. ताराबाई मोडकांनी बोर्डीला आणि मग कोसबाडला मुलांना अंगणात जमवलं, ते दुसरं काय होतं? बाग आपल्याकडेही होती. तिच्यात एबीसीडी कुणी पेरली कोण जाणे."

मग दादूचं निघालं. दादू म्हणजे चिऊचा मोठा भाऊ. चार वर्षांपूर्वी पुण्याहून गेला तेव्हा पाच वर्षांचा होता, शंभरपर्यंत लिहीत होता, जोडून लिहायच्या इंग्रजी वळणानं नाव काढत होता. तिथे त्याला किंडरगार्टनमध्ये घातलं. महिनाभरानं लेकीनं बाईंना विचारलं, काय शिकला? बाई कौतुकानं म्हणाल्या, पावसातली चिखलाची विजार स्वतःची स्वतः चढवतो! लेकीनं फोनवर डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं, आई, पोराची दोन वर्षं वाया चालली.

"आणि भाषेचं? जर्मन कुठे येत होतं त्याला?"

"त्यासाठी वेगळा वर्ग असतो, शाळेआधी. पण ऐका. बाईंनी लेकीला काय बजावलं माहीत आहे? घरी मराठीच बोला. तुमचं मोडकंतोडकं जर्मन त्याच्याशी बोलू नका. घरची भाषा पक्की असली की आमची तो शिकेल, ते आमच्यावर सोडा."

यावर मात्र मला हसू फुटलं. कारण गेल्याच महिन्यात आमच्या सुनेला नातवाच्या शाळेतून निरोप आला होता, घरी मुलाशी इंग्रजीत बोलत चला. तेव्हापासून ती त्याला 'ईट युवर भात' म्हणते. म्युनिकची बाई मराठी बोला म्हणते आणि चिपळूणची बाई नको म्हणते.

वहिनींनी सूप पुन्हा हातात घेतलं. बाकीचं त्यांनी पाखडता पाखडता सांगितलं. शाळेत शिरताना बूट काढून घरातल्या सपाता घालायच्या. पालकसभेला सहा फुटी जावई दीड वीत उंचीच्या खुर्चीवर बसून गुडघे कानाला लावून ऐकत होता. दुसरीत शाईच्या पेनाचा परवाना मिळतो. तोवर पेन्सिल. अक्षर नीट झालं की बाई सहीचा कागद देतात, मग पेन. तिसरी-चौथीपर्यंत पोहणं आलंच पाहिजे असं सगळे धरून चालतात. पहिल्या बिल्ल्यावर समुद्रघोडा असतो: काठावरून उडी मारायची, पंचवीस मीटर पोहायचं, खांद्याएवढ्या पाण्यातून कडी वर आणायची. दादूची सायकलची परीक्षा तर पोलिसांनी घेतली, गणवेश घालून!

"आणि गुण?"

"गुणांचं नाव काढू नका. पहिलीत गुणच नाहीत. दादू चौथीत, त्याला आहेत. एके दिवशी आला आणि म्हणाला, आजोबा, गणितात एक. आमच्या ह्यांनी विचारलं, कितीपैकी? म्हणाला, सहा. हे उठलेच! सहापैकी एक? शिकवणी लावा, उद्यापासून मी बसतो त्याला घेऊन. आणि स्वयंपाकघरात लेक शिरा परतत होती. तिकडे एक म्हणजे सर्वांत वरचा, सहा म्हणजे नापास. जेवणं होईपर्यंत ह्यांना पटलं नव्हतं."

विहिरीवरून भाऊ म्हणाले, "अजून नाही पटलेलं!" म्हणजे ते मघापासून ऐकत होते. झाडाआडची गोष्टही ऐकली असणार.

"सगळं गोडच दिसतंय तिकडे." मी म्हटलं. थोडं टोचूनच म्हटलं असेल.

"गोड? लग्नाचं विसरलात?"

वहिनींच्या धाकट्याचं लग्न. आधी मुहूर्त डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात होता. लेकीनं शाळेत दोन आठवड्यांची रजा मागितली. मुख्याध्यापिका म्हणाल्या, भावाचं लग्न? अवश्य, एक दिवसाची रजा देते. लेक म्हणाली, लग्न भारतात आहे. त्या म्हणाल्या, हो, पण लग्न एकाच दिवसाचं ना?

"त्या बाईला केळवण, ग्रहमख, हळद, सत्यनारायण कोण समजावणार? माई, तिकडे मूल शाळेत असलंच पाहिजे असा कायदा आहे. घरी शिकवतो म्हणायचीही सोय नाही. सुट्टीच्या आधी दोन दिवस लवकर निघणारी कुटुंबं 2018 साली मेमिंगेनच्या विमानतळावर पोलिसांनी हेरली होती. स्वस्त तिकिटाच्या नादात दंडाचं लचांड. शेवटी गुरुजींनी पंचांग उलटंपालटं करून नाताळच्या सुट्टीतला मुहूर्त काढला. जगात पहिलं लग्न असेल, ज्याचा मुहूर्त म्युनिकच्या शाळेनं दिला."

"आणि शाळा सुटते कधी?"

"पहिलीची कधीकधी साडेअकरालाच! लेक ऑफिसात, जावई ऑफिसात. दुपारच्या पाळणाघरात जागा मिळवायला वर्षभर आधी खटपट. 2026च्या ऑगस्टपासून पहिलीच्या मुलांना दिवसभराच्या सोयीचा हक्क देणारा कायदा आहे, पण चिऊ तोवर दुसरीत. तीन महिने मी होते म्हणून भागलं. व्हिसा लागला तो पाहुणीचा, काम केलं रिक्षाकाकांचं."

मग वहिनी गप्प झाल्या. सुपातले खडे बोटांनी बाजूला सारू लागल्या. काहीतरी उरलंय हे मला कळलं. गडग्यावर गप्प राहिलं की समोरचा बोलतोच.

"दादूचं मे महिन्यात कळेल."

"काय कळेल?"

"कुठल्या शाळेत जायचं ते. बव्हेरियात, म्हणजे म्युनिकच्या राज्यात, चौथीनंतर तीन वाटा. जर्मन, गणित आणि परिसर, तीन विषयांची सरासरी काढतात. 2.33 किंवा त्याहून चांगली आली तर गिम्नाझियुम, तिथून पुढे विद्यापीठ. 2.66पर्यंत आली तर मधली शाळा. नाहीतर तिसरी. दहा वर्षांचं पोर हो! सहाव्या वर्षापर्यंत चिखलात खेळवलं, अक्षर शिकवू नका म्हणाले, आणि चार वर्षांत ही चाळण. बर्लिनमध्ये निदान सहावीपर्यंत थांबतात. लेक रात्री झोपत नाही. परवा म्हणाली, आई, दादूला जर्मनमध्ये तीन मिळाले. मी म्हटलं, तीन वाईट की चांगले? पुन्हा विसरले होते."

"उशिरा पेरतात आणि लवकर पाखडतात," मी म्हटलं.

"तसंच. नंतर वाट बदलता येते, तीन दिवसांची चाचणी देता येते, सगळं खरं. लेकीच्या शेजारी एक नळवाला आहे. तिसऱ्या वाटेनं गेलेला. आठवड्यातले काही दिवस कामावर, काही दिवस धंद्याच्या शाळेत, असं शिकला, मग मोठी परीक्षा देऊन 'माइस्टर' झाला. आता स्वतःच्या गाडीवर स्वतःचं नाव, हाताखाली माणसं, घर लेकीच्या घरापेक्षा मोठं. लेकीला मी तो दाखवला. तर म्हणाली, आई, तो वेगळा."

"आणि तुम्हाला काय वाटतं?"

"मला?" वहिनी हसल्या. "मी आपल्या बबन नळवाल्याला तीन दिवस फोन करतेय, तो उचलत नाही. म्हणजे त्याचंही बरं चाललंय. पण दादू नळवाला झाला तर चालेल का, असं विचाराल तर मी आधी तुमच्या नातवाचं विचारीन."

मी कुळथाचे दोन दाणे उचलून तोंडात टाकले, उत्तर द्यायला लागू नये म्हणून.

काल सकाळी मी नातवाच्या पाठीवर दप्तर दिलं, गळ्यात बाटली दिली, हातात डबा दिला. पायरीवर बसून त्यानं नाडी स्वतः बांधली. सात मिनिटं लागली. गाठ मारुतीच्या शेपटीसारखी झाली, पण झाली. "जा," म्हटलं, "रिक्षाकाका पाणंदीच्या तोंडाशी आहेत." तो गेला. मी फणसामागे जाऊन उभी राहिले. पाणंद काही दोनशे पावलांची, पण मला तेवढ्यात सगळे कुत्रे, सगळ्या मोटारसायकली आणि एक साप दिसला.

वळणाशी पोचल्यावर तो थांबला. मागे न बघताच ओरडला,

"आजी, फणसामागनं तुझा पदर दिसतोय!"

गडग्यापलीकडून वहिनींचा खोकल्यासारखा काहीतरी आवाज आला. खोकला नव्हता तो.