फायनलराव

वापरलेली वस्तू विकायची म्हणून तुम्ही ॲपवर फोटो टाकता, किंमत लिहिता, खाली 'घासाघीस करू नये' असंही लिहिता. रात्री साडेअकराला फोन वाजतो. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "फायनल बोला." तुम्ही विचारता, कशाचं? कारण तुम्ही सायकलही काढलेली असते आणि बाळाचा पाळणाही. पलीकडून उत्तर येतं, "दोन्हींचं बोला. मग बघू काय लागतंय ते."

हे फायनलराव. त्यांचं खरं नाव आमच्या सोसायटीच्या वहीत आहे, ते तिथेच राहू दे. शिवाय ते एकाच सोसायटीत राहतात असंही नाही. धनकवडीत आहेत, वाकडला आहेत, डोंबिवलीत तर जिन्याजिन्यात आहेत. वय पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे, नोकरी बरी, घर स्वतःचं, हप्ते फिटलेले. गरज म्हणून जुनं घेणारा माणूस वेगळा असतो. तो येतो, वस्तू बघतो, परवडली तर उचलून नेतो. फायनलरावांना वस्तू लागतेच असं नाही. त्यांना भाव पाडायला लागतो.

हा गुण आईकडून आला. दोन पँटी, एक जरीची साडी आणि पोरांचे स्वेटर एवढ्या मुद्देमालावर स्टीलचा डबा ठरलेला असताना, झाकण डब्यात धरायचं की त्याची वेगळी पँट पडेल, यावर आईने बोहारणीशी अख्खी दुपार घातलेली त्यांनी उंबऱ्यावर बसून पाहिली आहे. पुढे मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात बुधवार-रविवार उमेदवारी झाली. पण तिथे विकणारा समोर असतो, डोक्यावर ऊन असतं, दोघांनाही भूक लागलेली असते. सौदा तासाभरात मिटतो. पेपरातल्या छोट्या जाहिरातीत शब्दाला पैसे पडायचे, त्यामुळे 'त्वरित विकणे आहे'च्या पुढे कुणी बोलायचं नाही. ओएलएक्स जगात आलं २००६ साली, आपल्याकडचं क्विकर २००८ साली. टीव्हीवर 'बेच दे'चा गजर सुरू झाला आणि फायनलरावांना गादीवर पडल्या पडल्या घासाघीस करायची सोय झाली. ना ऊन, ना भूक. एका मिक्सरचा सौदा महिनाभर पुरतो.

जाहिरात वाचणं ही त्यांची सायंसंध्या. 'फर्स्ट ओनर' लिहिलंय म्हणजे दुसऱ्याने परत आणून टाकलंय. 'नो स्क्रॅच' म्हणजे ज्या बाजूला आहे ती बाजू फोटोत नाही. 'अर्जंट सेल' लिहून दोन महिने झालेत म्हणजे आता पोपट बोलायला लागेल. आरशाच्या कपाटाचा फोटो ते बोटांनी मोठा करून बघतात; कपाटापेक्षा आरशात सापडलेला, बनियनवर फोटो काढणारा मालक त्यांना महत्त्वाचा. "चेहरा बघा. हा पाच हजारांना देईल."

पण सगळ्यात आवडता शब्द 'शिफ्टिंग'. महिन्याची पंचवीस तारीख उलटलेली, अकरा महिन्यांचा भाडेकरार संपत आलेला, बंगळुरूचं तिकीट निघालेलं, अशा माणसाकडे वस्तू उरते आणि दिवस उरत नाहीत. पंचवीसला साडेआठ हजार म्हणणारा तीसला काय म्हणेल, हे फायनलराव पंचविसालाच वहीत लिहून ठेवतात.

असंच एक कपाट बघायला सिंहगड रोडला गेलो होतो. मी सोबत. एकट्याने जायचं नाही हा त्यांचा नियम, आणि सोबत्याचं काम ठरलेलं: वस्तूकडे बघायचं, ओठ थोडे मुरडायचे आणि "हं" म्हणायचं. बाकी बोलायचं नाही. चौथा मजला. दार उघडलं ते आयटीतल्या एका पोराने. मागे त्याची बायको खोक्यांना चिकटपट्टी लावत होती. फायनलरावांनी आधी खोकी मोजली. मग पाणी मागितलं. मग बाल्कनीतून टेकडी बघितली. कपाटाकडे पाठच.

"का विकताय?" त्यांनी हळूच विचारलं.

"बंगळुरूला चाललोय, काका."

"ते झालंच हो. पण का विकताय?"

या प्रश्नाला बरोबर उत्तर नसतं. गरज नाही म्हटलं तर 'मग आम्हाला तरी कशाला', नवीन घेतलं म्हटलं तर 'म्हणजे ह्यात काहीतरी होतं'. जॉर्ज अकरलॉफ नावाच्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्या बाजारावर एक निबंध लिहिला. मालाची खोड विकणाऱ्याला ठाऊक असते, घेणाऱ्याला नसते. म्हणून घेणारा सगळ्याच मालाला खोडीचा भाव देतो, त्या भावात चांगल्या मालाचा मालक विकत नाही, आणि बाजारात खोडीचाच माल साचत जातो. या विचाराबद्दल त्यांना २००१ साली नोबेलमध्ये वाटा मिळाला. फायनलरावांनी अकरलॉफ वाचलेले नाहीत. त्यांनी फक्त खिशातून लोहचुंबक काढलं.

चुंबक कपाटाला चिकटलं. ते चिकटणारच, कपाट लोखंडी होतं. तरी फायनलरावांनी 'बघितलंत?' अशा नजरेने माझ्याकडे पाहिलं. मी "हं" म्हटलं. पोरगा अस्वस्थ झाला. मग बोटाच्या पेरांनी टकटक, दोन्ही दारं उघडून कुरकुर ऐकणं, खाली वाकून पाय, मागे हात घालून गंज, हँगरच्या दांडीला लोंबकळल्यासारखं करणं. शेवटी लॉकर. लॉकरची किल्ली नव्हती. किल्ली नाही हे कळल्यावर त्यांच्या चेहऱ्यावर जो आनंद पसरला, तो मुलीच्या बारावीच्या निकालालाही पसरला नव्हता.

"किल्ली नाही," ते दुःखाने म्हणाले. "मग कपाट कशाला म्हणायचं ह्याला? दोन खण झाले नुसते. तीन हजार."

पोरगा आठावर होता. बायको चिकटपट्टी थांबवून म्हणाली, "अरे, मालक सकाळी चावी मागणारेत." बस. तिथे त्याची बाजू पडली. पाच हजार दोनशेला तुटलं, वर एक पायपुसणं आणि कपडे वाळत घालायचे चिमटे.

कपाट लिफ्टमध्ये मावेना. चार मजले उतरवायची हमाली बाराशे, टेम्पो अठराशे, आमच्याकडे तीन मजले चढवायचे नऊशे. किल्लीवाल्याने लॉकरचे सहाशे घेतले. मागच्या बाजूला खरंच गंज होता, त्याच्या रंगाला दीड हजार. वहिनींनी दुधाच्या हिशेबाच्या पानावर बेरीज मांडली: अकरा हजार दोनशे. कोपऱ्यावरच्या दुकानात तसलंच नवं कपाट अकरा हजारांना होतं, घरपोच.

"अहो, दोनशे जास्तच गेले की," वहिनी म्हणाल्या.

"हमाली हिशेबात धरायची नसते," फायनलराव म्हणाले. "भाव बघ. साडेआठचं बावन्नशेला पाडलं." चिमटे मात्र त्यांनी हिशेबात धरले होते.

इथवर माणूस समजायला सोपा आहे. अवघड होतो तो स्वतः विकायला बसतो तेव्हा. घरात जागा होईना म्हणून वहिनींनी जेवणाचं टेबल काढायला लावलं. दुसऱ्याच्या वस्तूचा गंज पाठीमागे हात घालून शोधणाऱ्या या गृहस्थाला स्वतःच्या टेबलावरचा गरम कुकरचा गोल डाग दिसेना. जाहिरातीत लिहिलं, 'सागवानी, जवळपास न वापरलेलं'. वापरलं किती? सतरा वर्षं. किंमत कशी काढली? "मुलीने बारावीचा अभ्यास ह्याच टेबलावर केलाय. चौऱ्याण्णव टक्के." ते टक्के त्यांनी किमतीत लावले होते.

यालाही आधार आहे. काहनेमन, नेच आणि थेलर या तिघांनी १९९० साली एक प्रयोग छापला. कॉर्नेल विद्यापीठातल्या निम्म्या विद्यार्थ्यांना कॉफीचे मग दिले आणि उरलेल्यांना ते विकत घ्यायला सांगितलं. मग हातात येऊन काही मिनिटंच झाली होती, तरी विकणारे घेणाऱ्यांच्या साधारण दुप्पट किंमत मागत होते. काही मिनिटांत दुप्पट, तर सतरा वर्षांत किती? फायनलरावांनी नऊ हजार लावले, आणि हे प्रमाण बघता मला तो माणूस एकदम संयमी वाटला.

पहिला फोन आला तो हिंदीतून. आपण लष्करात आहोत, बदलीवर पुण्याला येतोय, टेबल पसंत आहे, नऊ हजार मंजूर, आर्मीची गाडी येऊन घेऊन जाईल, पैसे आत्ता ऑनलाइन. ही फसवणूक आता पोरासोरांनाही पाठ आहे. पण फायनलरावांना संशय आला तो वेगळाच. घासाघीस न करता माणूस 'हो' म्हणतो म्हणजे आपण स्वस्तात काढलं! त्यांची झोप उडाली. सकाळी त्यांनीच फोन केला.

"वो काय है ना, टेबल सागवान का है. अकरा लगेगा."

"ठीक है, अंकल. ग्यारह."

हे तर फारच वाईट झालं. दुपारी त्यांनी चौदा केले. तेही मंजूर. आता त्यांना घाम फुटला. वरची मर्यादाच सापडेना. पलीकडच्याने क्यूआर कोड पाठवला: हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील. यूपीआयचा पिन पैसे देताना लागतो, घेताना लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं की नाही कोण जाणे. तो मुद्दा आलाच नाही. त्यांनी कोडकडे ढुंकूनही पाहिलं नाही. "पहले खुर्ची का बात करो," ते म्हणाले. "चार खुर्ची है. खुर्ची का अलग." मग खुर्च्यांच्या उशांचं अलग. टेबलावरच्या काचेचं अलग. आर्मीची गाडी दुपारी एक ते चारमध्ये चालणार नाही, सोसायटीत झोपतात. चौथ्या दिवशी तो भामटा रडकुंडीला आला. "अंकल, आप रहने दो," म्हणून त्याने फोन ठेवला आणि नंबर ब्लॉक केला. मी म्हटलं, सायबर फसवणुकीसाठी १९३० नंबर आहे, तक्रार करा. "कसली तक्रार?" फायनलराव हळहळले. "सोळापर्यंत आला होता हो!"

त्यानंतर टेबल दोन महिने पडून राहिलं. 'निघालोच' म्हणणारे निघाले नाहीत. 'टोकन पाठवतो, कुणाला देऊ नका' म्हणणाऱ्यांचं टोकन आलं नाही. एकाने बदल्यात जुना अँड्रॉइड फोन आणि लव्हबर्डची जोडी देऊ केली. या सगळ्यांबद्दल फायनलराव मनापासून चिडायचे. "लोकांना दुसऱ्याच्या वेळेची किंमतच नाही!" असं ते रात्री साडेअकराला, कुणाच्या तरी वॉशिंग मशीनचं फायनल विचारता विचारता, मला सांगायचे.

अखेर चिंचवडहून एक गृहस्थ आले. सोबत एक माणूस. त्या माणसाने टेबलाकडे बघून "हं" म्हटलं, आणि मला कळलं की आज काहीतरी बघायला मिळणार आहे. पाहुण्यांनी पाणी मागितलं, गॅलरीत जाऊन आले, मग शांतपणे विचारलं, "का विकताय?"

फायनलरावांचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत कुणी असं विचारलंच नव्हतं. चहा झाला, पोहे झाले. पाहुण्यांनी कुकरचा डाग शोधला, यांनी तो 'लाकडाचा नैसर्गिक गोल' असल्याचं सांगितलं. पाहुण्यांनी टेबल हलवून डुगडुग दाखवली, यांनी ती फरशीची असल्याचं सिद्ध करायला टेबल चार ठिकाणी सरकवलं. नऊवरून आठ, आठावरून साडेसहा. संध्याकाळी सहाला गाडी सहा हजार शंभर आणि सहा हजार यांच्यामध्ये येऊन रुतली. शंभर रुपये. दोघेही टेबलाच्या दोन टोकांना बसलेले, आणि कुणालाही उठायची घाई नाही. खाली टेम्पो दुपारपासून उभा होता, त्याचं थांबण्याचं भाडं शंभराच्या कितीतरी पुढे गेलं होतं. पण ते हिशेबात धरायचं नसतं.

शेवटी टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून कंटाळला आणि तीन मजले चढून वर आला. त्याने दारातूनच विचारलं, "अडलंय किती?" सांगितलं. त्याने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं, शर्टाच्या खिशात हात घातला, शंभराची नोट काढली आणि टेबलावर आपटली. "हे घ्या. उचला आता."

पाहुण्यांना पटलं. त्यांनी मोबाइल काढून सहा हजार पाठवले. फायनलरावांनी पैसे जमा झाल्याची खात्री केली, मग चष्मा लावून ती नोट उचलली, उलटी केली, उजेडात धरली.

"ही जरा वापरलेली वाटते," ते टेम्पोवाल्याला म्हणाले. "दुसरी बघा की."