डिकीतला कायदा

एकतीस डिसेंबरच्या संध्याकाळी नेरळ-कळंब रस्त्याने पोशीरच्या बाजूच्या फार्महाउसांकडे निघालेल्या प्रत्येक मोटारीत मागच्या सीटवर एक कायदेपंडित असतो. ‘वॉरंट नसेल तर डिकीला हात लावू शकत नाहीत!’ हे त्याचे ज्ञान अमेरिकी मालिकांतले असते आणि नाकाबंदीपाशी काच खाली होईपर्यंतच टिकते. मग चालवणारा ‘साहेब, नुसत्या चादरी आहेत’ म्हणत स्वतःच डिकी उघडतो. आपल्याकडे झडतीला संमती मागावी लागत नाही. ती हात जोडून आधीच दिलेली असते. गंमत अशी, की पंडित आणि चालक दोघेही चुकलेले असतात. कायद्याला तुमची संमती नको असते, पोलिसाकडे कारण हवे असते. 1988च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे गणवेशातल्या पोलिसाने मागितले की लायसन्स दाखवावेच लागते, पण लायसन्स काही डिकीत नसते. डिकीसाठी 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 185 पाहावे. तपासी अधिकाऱ्याला गुन्ह्याचा पुरावा तिथे सापडेल असे मानायला सबळ कारण असेल आणि वॉरंट आणेपर्यंत उशीर होणार असेल, तर ते कारण लिहून ठेवून तो विनावॉरंट झडती घेऊ शकतो. झडतीचे मोबाइलवर चित्रीकरण करायचे आणि नोंदीची प्रत 48 तासांत मॅजिस्ट्रेटकडे धाडायची. ‘थर्टी फर्स्ट आहे’ हे सबळ कारण कसे होईल? तो तर कॅलेंडरवरचा आरोप झाला, आणि त्यात सगळा महाराष्ट्र आरोपी.

‘लपवायला काही नाही, तर घाबरता कशाला?’ असे कोणी म्हणेल. त्याने आपले कपाट शेजाऱ्याला उघडून दाखवावे, मग बोलू. दुसरा आक्षेप वजनदार आहे: कारणे लिहीत बसले तर गुन्हेगार निसटतील. पण 1973च्या पूरणमल खटल्यातल्या निकालापासून न्यायालये सांगत आली आहेत, की झडती बेकायदा ठरली म्हणून सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही. म्हणजे झडती चुकीची आणि बाटली मात्र खरी! अमली पदार्थांच्या कायद्यात मात्र शिक्षा जबर, म्हणून तिथे नियमही जबर. हरियाणातल्या एका खटल्यात सार्वजनिक रस्त्यावरच्या खासगी जीपमध्ये अफूच्या बोंडांचा भुसा सापडला होता. पण खबर लिहून घेण्याचा नियम पाळलाच नाही, म्हणून 2021मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना सोडले. तिथे गुन्हेगार निसटले ते कारण लिहिल्यामुळे नव्हे, न लिहिल्यामुळे.

पोलिसाने कारण लिहावे, तसे आपणही विचारावे. विचारायचे कसे, याचा धडा नोव्हेंबर 2024मध्ये वणीला मिळाला. निवडणूक पथकाने उद्धव ठाकरे यांच्या बॅगा तपासल्या, तेव्हा त्यांनी तपासू दिल्या. मात्र स्वतः चित्रीकरण करत विचारले, याआधी कोणाकोणाच्या तपासल्या? पुढच्या काही दिवसांत सत्ताधारी नेत्यांच्या बॅगांच्याही चित्रफिती झळकल्या. आता रात्री अकराला नाक्यावर हवालदाराला असले काही विचारले, तर पोशीरला पोचेपर्यंत नवे वर्ष उजाडेल, हा आक्षेप मात्र मला खोडता येत नाही. त्यावर इलाज एकच, दुपारी निघावे.