चालण्याची शिकवणी

परसवाड्यात चालण्याचं कुणाला अप्रूप नाही. बालाघाट जिल्ह्यातल्या या तहसिलीच्या गावाला जंगल असं भिडलेलं आहे, की गाव कुठे संपतं ते गुरांनाच नेमकं ठाऊक असावं. आठवडी बाजाराच्या सकाळी त्या जंगलातून गोंड आणि बैगा बाया पायवाटेने येतात, एकीमागे एक. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर लाकडांची मोळी नाहीतर मोहफुलांची टोपली. हात मोकळे, किंवा एका हाताला लेकरू. ओझं इतकं स्थिर, की खालची बाई चालते आहे हे मोळीला अजून कुणी कळवलेलंच नसावं. चढ येतो, ओहोळ येतो, समोरून मोटारसायकल अंगावर येते, तरी वर सगळं शांत आणि खाली सगळं चालू. लहानपणी आम्ही हे पाहायचो आणि यात पाहण्यासारखं काही नाही म्हणून पुन्हा गोट्यांकडे वळायचो.

याच गावातली माझी भाची सध्या अमेरिकेतल्या एका विद्यापीठात मुलांना चालायला शिकवते.

तिने हे फोनवर सांगितलं तेव्हा ताई जरा वेळ गप्पच राहिली. मग हळूच म्हणाली, “काहून गं, तिकडच्या पोरांना चालता येत नाही का?” भाचीने समजावलं, की येतं गं आई, पण हा वर्ग असतो, त्याचं एक क्रेडिट मिळतं, हजेरी लागते, नाडी मोजायची असते, शेवटी परीक्षा असते. परीक्षेचं नाव निघाल्यावर ताई गंभीर झाली. चालण्यात नापास झालेल्या पोराने घरी जाऊन आईला काय सांगायचं, हा प्रश्न तिला पडला असावा. तो तिने विचारला नाही, पण नंतर दोन दिवस ती अंगणातून स्वयंपाकघरात जाताना आपल्याच पावलांकडे संशयाने बघत होती.

भाचीच्या हुद्द्याचं पूर्ण नाव ग्रॅज्युएट टीचिंग असिस्टंट. तिकडे गेलेली आपली मुलं नुसतं ‘टीए’ म्हणतात, आणि ‘टीए मिळाली’ हे अशा सुरात सांगतात, ज्या सुरात आमच्या पिढीत ‘नोकरी पर्मनंट झाली’ असं सांगत. व्यवहार साधा आहे. आपण पदव्युत्तर शिक्षण घ्यायचं आणि घेता घेता पदवीच्या मुलांना शिकवायचं. आठवड्याला साधारण वीस तास. बदल्यात शिक्षणाची फी पूर्ण किंवा बरीचशी माफ, आणि वर खर्चापुरतं मानधन. परदेशी विद्यार्थ्याला सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांपेक्षा जास्त काम करायला तिथला कायदाच परवानगी देत नाही. मानधन बहुधा नऊ महिन्यांचं असतं. उन्हाळ्यात माणसाला भूक लागत नाही, असा विद्यापीठांचा जुना समज दिसतो. भाचीचा विषय किनेसिऑलॉजी, म्हणजे माणसाच्या हालचालींचं शास्त्र: कुठला स्नायू केव्हा आखडतो, सांधा कुठल्या दिशेला वळतो, घास तोंडाशी नेताना कोपराची तरफ कशी चालते. रसायनशास्त्राचा टीए परीक्षानळ्या सांभाळतो, गणिताचा टीए वह्यांच्या ढिगाआड दिसेनासा होतो, आणि किनेसिऑलॉजीच्या टीएकडे शरीररचनेच्या प्रात्यक्षिकांबरोबर बॅडमिंटन, बोलिंग, पोहणं, वजनं उचलणं असले वर्ग येतात. भारतातून आलेली मुलगी म्हणून आपल्याला योगाचा वर्ग मिळेल अशी भाचीची अटकळ होती. तो मिळाला नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याच्या मुलीला. आमच्या मुलीच्या वाट्याला चालणं आलं. त्याआधी तिला इंग्रजी बोलण्याची परीक्षा द्यावी लागली. चालायला शिकवायचं, तर आधी बोलून दाखवावं लागतं.

शिकता शिकता शिकवायचं हे ऐकून आमच्याकडच्या लोकांना ही काहीतरी अमेरिकन शक्कल वाटते. मला मात्र पंतोजींची शाळा आठवते. पंतोजी बसल्या जागी डुलक्या घेत आणि वरचा एखादा पोरगा धाकट्यांकडून पाढे घोकवून घेई, धुळपाटीवर अक्षरं गिरवून घेई. तालमीतही तेच, वस्ताद कट्ट्यावर, आणि लाल मातीत नव्या पोराची मान धरायला जुना पोरगा. दोघांनाही मानधन नव्हतं, एवढाच काय तो फरक. गंमत अशी, की हीच पद्धत एकदा विलायतेलाही जाऊन आली आहे. अँड्र्यू बेल नावाचा एक स्कॉटिश पाद्री १७८९ पासून मद्रासच्या एग्मोरला अनाथ मुलांच्या शाळेचा कारभार पाहत होता. जवळच्या एका देशी शाळेत पोरं वाळूत बोटाने अक्षरं काढताना त्याने पाहिली आणि तेच आपल्या शाळेत करू पाहिलं. त्याच्या शाळेतल्या मास्तरांना हे नवं खूळ मानवेना, तेव्हा त्याने मोठ्या मुलांनाच धाकट्यांचे मास्तर केलं. १७९७ साली लंडनमध्ये त्याने त्याचा अहवाल छापला आणि ‘मद्रास पद्धत’ इंग्लंडभर पसरली. म्हणजे भाची जे करते आहे त्याचं एक मूळ आपल्याच वाळूत निघतं. हे मी तिला मोठ्या अभिमानाने कळवलं. तिने उत्तरात अंगठा पाठवला. तिला सत्तावीस मुलांच्या नाडीचे ठोके तपासून गुण द्यायचे होते.

ती या वाटेला लागली तेव्हा घरात कुणाला आनंद झाला नव्हता. आमच्या शाळेत पीटीचा तास म्हणजे गणिताचं राखीव कुरण. अभ्यासक्रम मागे पडला की गणिताचे मास्तर त्यात शिरत, आणि पीटीचे सर बिचारे शिट्टी खिशात घालून कडुनिंबाखाली उभे राहत. सव्वीस जानेवारीच्या आधी महिनाभर त्यांच्या शिट्टीला आवाज येई, मग पुन्हा वर्षभर शांतता. तेव्हा बारावी झालेल्या पोरीने शारीरिक शिक्षणात पदवी घेते म्हटल्यावर एका आत्याने विचारलं, “बरं, आणि शिकणार काय?” ती अमरावतीला गेली. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आवारात पाऊल ठेवलं की आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आपोआप मिळतं. वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये लावलेलं हे झाड. १९३६ साली बर्लिनला ऑलिंपिक भरलं तेव्हा इथली पोरं तिकडे जाऊन आपले देशी खेळ दाखवून आली. ज्या काळात नागपूरला जाऊन आलेला माणूस महिनाभर तेच सांगत बसे, त्या काळात अमरावतीची कबड्डी बर्लिनला गेली होती. शरीराची विद्या ही विद्या नव्हे, असं मानणाऱ्यांनी एकदा त्या मैदानाच्या कडेला पहाटे उभं राहावं.

आता भाची ज्या शास्त्राच्या दारात आहे, त्यात चालण्याचा हिशेब फार बारकाईने मांडलेला आहे. आपलं एक पाऊल टेकल्यापासून तेच पुन्हा टेकेपर्यंतच्या काळात ते सुमारे साठ टक्के वेळ जमिनीवर असतं, चाळीस टक्के हवेत. मधे दोनदा, क्षणभरच, दोन्ही पावलं जमिनीवर असतात. तो क्षण नाहीसा झाला की त्याला चालणं म्हणत नाहीत, पळणं म्हणतात. चालताना शरीर उलट्या लंबकासारखं वर-खाली होतं, चढताना गमावलेला वेग उतरताना परत मिळवतं, आणि म्हणूनच माणूस इतक्या थोड्या भाकरीवर इतका लांब जातो. हे सगळं ती तिथल्या मुलांना सांगते. मुलं टिपून घेतात. एखादा विचारतो, हे परीक्षेत आहे का?

पण तिच्या पाठ्यपुस्तकातल्या एका उल्लेखापाशी ती अडखळली आणि तिने मला रात्री-बेरात्री फोन केला. १९८६ साली ‘नेचर’मध्ये एक शोधनिबंध आला होता. केनियातल्या लुओ आणि किकुयू बायकांच्या श्वासातला प्राणवायू शास्त्रज्ञांनी मोजला, आणि दिसलं असं, की स्वतःच्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत ओझं घेऊन चालताना त्यांना जास्तीची शक्ती मुळी लागतच नाही. शास्त्रज्ञ चक्रावले. पुढे १९९५ मध्ये उलगडा झाला, की ओझं आल्यावर त्या बायकांचा लंबक अधिकच सुबक चालतो. वाया जाणारी शक्ती त्या वाया जाऊ देत नाहीत. आणखी काही वर्षांनी दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दक्षिण आफ्रिकेतल्या बायकांना मोजलं, तर ही सवलत सरसकट सापडेना, आणि मानेच्या दुखण्याच्या तक्रारी मात्र सापडल्या. हेही सांगायला हवं, नाहीतर आपण मोळीवर कविता करू आणि मान दुसऱ्याची दुखेल. “मामा,” भाची म्हणाली, “आपल्या बाजारातल्या बायांना कुणी मोजलं असेल का रे?” मी म्हटलं, त्यांची लाकडं मोजतात, तीही कमीच भरतात.

तेव्हापासून तिने आईला मोजायचं मनावर घेतलं. व्हिडिओ कॉल लावला, मला मोबाइल धरायला सांगितलं आणि ताईला फर्मावलं, की पाण्याची गुंडी डोक्यावर घे आणि तुळशीपासून गोठ्यापर्यंत नेहमीसारखी चाल. ‘नेहमीसारखी’ म्हटल्याबरोबर ताईचे पाय परके झाले. जन्मभर पाणी वाहिलेली बाई, पण उजवा पाय टाकावा की डावा, यावर तिच्या चेहऱ्यावर सरळ सरळ चर्चा दिसू लागली. गुंडी हिंदकळली, पदर भिजला, आणि ती रागावून म्हणाली, “तुह्या विद्यापीठानं चालणंच विसरवलं मले.” यालाही शास्त्र आहे, हे भाचीने भिजल्या पदराला सांगितलं. गॅब्रिएल वुल्फ नावाच्या बाईंनी वर्षानुवर्षं प्रयोग करून दाखवलं आहे, की लक्ष आपल्या अवयवांवर ठेवलं की हालचाल बिघडते, आणि बाहेर, समोरच्या कामावर ठेवलं की सुधारते. एवढ्यात शेजारून हाक आली, की गोऱ्हा सुटून वाडीत शिरलाय. ताई गुंडी डोक्यावर ठेवूनच वळली आणि निघाली, आणि सबंध अंगण ओलांडून जाईपर्यंत पाण्याचा थेंब सांडला नाही. मोबाइलमध्ये सात समुद्रांपलीकडे एक मुलगी ओरडत होती, “मामा, थांबवू नको! घे, घे!” ते चित्रण आता तिच्या वर्गात दाखवलं जातं. आईला त्याबद्दल काही मानधन मिळालेलं नाही. वीस तासांच्या वर ती रोजच काम करते, म्हणून कदाचित कायदा आडवा आला असेल.

परसवाडा, बैहर, लांजी, गोंदियाकडच्या ज्या पोरापोरींनी शारीरिक शिक्षणात पदवी घेतली आहे आणि ज्यांना आत्या अजून विचारते आहे, त्यांना एक कामाची गोष्ट सांगतो. असिस्टंटशिपचा अर्ज बऱ्याच विद्यापीठांत प्रवेशाच्या अर्जाहून वेगळा भरावा लागतो आणि त्याची मुदतही पुष्कळदा आधी संपते. ऑगस्टच्या सत्राला जायचं तर आदल्या दिवाळीतच लिहायला बसा. कुठला खेळ शिकवता येतो ते त्यात स्पष्ट लिहा, प्रथमोपचाराचं प्रमाणपत्र असेल तर जोडा, आणि चालता येतं हेही लिहून टाका.