बदली नागपूरला: नवशिक्यांसाठी मे महिना

अभिनंदन! ऑर्डर हातात पडली, पुण्याच्या सहकाऱ्यांनी ‘संत्री पाठव रे’ म्हणून निरोप दिला आणि तुम्ही ऐन मे महिन्यात नागपूरला रुजू होताय. (मेमध्ये नागपुरी संत्र्यांचा हंगाम नसतो, हे त्यांना सावकाश कळू द्या.)

आधी आकड्याचा गैरसमज काढून टाका. मोबाइलवर दिसणारे ४५ अंश उन्हातले नसतात, सावलीतले असतात. हवामान खात्याचा तापमापक झडपांच्या पांढऱ्या पेटीत असतो. त्याला वारा लागतो, ऊन लागत नाही. २३ मे २०१३ रोजी नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले, तेही पेटीतलेच. तुम्ही, तुमची गाडी आणि तुमचा कुत्रा पेटीत राहत नाही. म्हणून इथे तापमान किती हे विचारू नये, सावली कुठे ते विचारावं. त्यातही २५ मेच्या सुमारास नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, लागतो आणि जवळपास त्याच दिवसांत सूर्य भर दुपारी थेट डोक्यावर येतो. खांबाची सावलीसुद्धा खांबाच्या पायाशी गडप होते.

गाडी लावणं ही इथली खरी विद्या. सकाळी साडेदहाला झाडाच्या पश्चिमेला गार सावली दिसते आणि नवखा माणूस खुशीत तिथे गाडी लावतो. तीन वाजता ती गाडी भाजत असते. मुरलेला माणूस पूर्वेला लावतो, सकाळचं ऊन गाडीला खाऊ देतो आणि दुपारी कडुलिंबाखालून निवांत निघतो. बंद गाडीतली हवा तासाभरात बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी चढते, त्यातली बरीचशी पहिल्या अर्ध्या तासातच. काच दोन बोटं खाली ठेवल्याने फक्त मनाला बरं वाटतं. म्हणून ‘पाच मिनिटांत आलो’ म्हणत मूल किंवा कुत्रं गाडीत ठेवायचं नाही. इथे विनोद बंद. परत आल्यावर चारही दारं उघडा आणि कुणाची तरी वाट पाहत असल्यासारखे बाजूला उभे राहा. सीटबेल्टच्या धातूच्या टोकाला उघडा हात लावू नका. टायरमधली हवा सकाळी, गाडी हलवण्याआधी तपासा. दुपारी तापलेल्या टायरचं प्रेशर जास्त दिसतं, म्हणून लगेच हवा सोडायची नसते.

आता माणूस. मुंबईहून आलेले पहिले दोन दिवस खूश असतात: ‘इथे घामच येत नाही!’ येतो, हवा इतकी कोरडी असते की तो दिसायच्या आत वाळतो. अंग त्यानेच गार राहतं, आणि कूलरही याच तत्त्वावर चालतो. फक्त कूलरच्या टाकीत पाणी भरायला माणूस असतो, तुमच्या टाकीत तुम्हीच भरायचं. मीठ घातलेलं पन्हं उत्तम. खिशात कांदा ठेवायचा तर ठेवा, भांडण नको. डोक्याला-तोंडाला दुपट्टा बांधला की सगळं शहर दरोडेखोरांसारखं दिसतं. तेव्हा सिग्नलवर कुणावर डाफरताना जपा, आत तुमचे साहेब असू शकतात. कुणी बरळू लागला, अंग भाजत असेल, तर त्याला सावलीत न्या, ओल्या फडक्यांनी पुसत वारा घाला आणि १०८ ला फोन करा.

कुत्र्याला घाम येतो तो जेमतेम पंजांना. बाकी सगळा भार जिभेवर. पगसारख्या चपट्या नाकाच्या कुत्र्यांना तेही धड जमत नाही. फिरायला नेण्याआधी उलटा हात डांबरावर सात सेकंद टेकवून पाहा. नाही टेकवता आला, तर फेरी रद्द. गल्लीतल्या कुत्र्याला मात्र काही शिकवायला जाऊ नका. कूलरचं पाणी जिथे ठिबकतं तिथली ओली माती उकरून त्याने खड्डा केलेला असतो, आणि ती जागा दुसऱ्याने बळकावली तर तो तुमच्या गाडीखाली असतो. म्हणून निघताना वाकून पाहा. हॉर्नने तो कान हलवतो, बोनेटवर थाप मारली की एक डोळा उघडतो. ऑफिसला उशिराचं हे कारण सांगायला लाजू नका. साहेबांच्या गाडीखालीही एक असतो.