आमच्या गळ्यात लेझर मशीन मारणाऱ्या विक्रेत्यास

विक्रेते साहेब,

चंद्रपूर जिल्ह्याच्या मूल तालुक्यातल्या एका महिला बचत गटाला तुम्ही लेझर कटिंग मशीन विकलंत, फुलांचा हार गळ्यात घालून घेतलात, पेढा खाल्लात आणि गेलात. तेव्हापासून तुमचा फोन लागत नाही. म्हणून हे पत्र उघड्यावर लिहितो आहे.

"भाऊ, हात लावला की करंट मारते," म्हणून बायकांनी मला मशीन बघायला बोलावलं. मागचं झाकण उघडलं. लेझरच्या काचेच्या नळीवर ८० वॉटचा चकचकीत स्टिकर होता. टेप लावली तर नळी भरली मीटरभर. ८० वॉटची नळी साधारण सव्वा मीटरची असते. मीटरभर नळी म्हणजे ५०, फार तर ६० वॉट. तिच्यात जादा करंट ढकलून थोडा वेळ आकडा वर ताणता येतो, पण रोज तसं चालवलं की ती लवकर संपते. तो ताणलेला आकडा तुम्ही छापलात आणि पैसेही त्याच आकड्याचे घेतलेत. अर्थिंगची वायर तर प्लगमध्ये जोडलेलीच नव्हती. ज्या यंत्रात नळी पेटवायला हजारो व्होल्ट लागतात, त्याचं अर्थिंग बघायला तुम्हाला सवड झाली नाही. पेढ्याला मात्र झाली.

गडचिरोलीतल्या एका तरुणालाही अशीच टोपी घातली गेली. ८० वॉटचं म्हणून घेतलेल्या त्याच्या छोट्या डायोड मशीनचे ८० वॉट हे भिंतीतल्या सॉकेटमधून ओढायच्या विजेचे होते. प्रत्यक्ष किरण १० वॉटचा. तो निळा किरण पारदर्शक ॲक्रिलिकमधून आरपार निघून जातो आणि पत्रा कापला जात नाही. पोराला ट्रॉफ्या करायच्या होत्या.

आता चिलरचं बोलू, कारण तुमचा खरा गुन्हा तिथे आहे. नळीभोवती फिरणारं पाणी साधारण २० ते २५ अंशांवर राहायला हवं. तुम्ही दिलात सीडब्ल्यू-३०००. त्यात कॉम्प्रेसर नसतो. एक रेडिएटर आणि पंखे असतात. असं यंत्र पाणी खोलीच्या तापमानाखाली नेऊच शकत नाही. साहेब, हे चंद्रपूर आहे. इथे मे महिन्यात पारा ४५ ओलांडतो, टिनाच्या शेडखाली त्याहून वर जातो. पाणी चाळिशीच्या पुढे गेलं, किरण मंदावला, कटिंग अर्धवट राहू लागलं, म्हणून बायकांनी पॉवर वाढवली आणि नळी गेली. तुम्ही निरोप धाडलात काय, तर "हँडलिंग नीट नाही". इथे कॉम्प्रेसर असलेला सीडब्ल्यू-५२०० तरी हवा, आणि तोही सावलीत, मोकळ्या हवेत ठेवायला हवा. शिवाय पावसाळ्यात पाणी फार गार ठेवलं तर दमट हवेत नळीवर दव धरतं आणि उच्च दाबाची ठिणगी भलतीकडे उडते, हेही सांगायला हवं. तुमच्या कोटेशनमध्ये चिलरसमोर फक्त "मोफत" लिहिलं होतं.

आणि रेक्झिन? सनबोर्ड? "सगळं कापते, ताई," असं म्हणालात ना? सनबोर्ड म्हणजे पीव्हीसी, रेक्झिनवरही बहुधा त्याचाच थर. पीव्हीसी जळलं की हायड्रोजन क्लोराइड वायू सुटतो. ओलावा मिळाला की त्याचं आम्ल होतं. ते आधी माणसाच्या छातीत जातं, मग मशीनच्या रेल आणि बेअरिंग खातं. एक्झॉस्टचा पाइप तुम्ही खोलीतच सोडला होता. बायका आठवडाभर खोकत होत्या आणि ते धुळीमुळे असेल असं त्यांना वाटत होतं. मशीनच्या किमतीची भरपाई करता येईल, या खोकल्याची कशी करणार?

डेमोत तुम्ही तीन मिलिमीटर ॲक्रिलिकचा वाघ कापून दाखवलात. ॲक्रिलिक या मशीनच्या किरणाने लोण्यासारखं वितळतं, तिथे या जातीचं कुठलंही मशीन शहाणं दिसतं. पण या बायका बांबूचं काम करतात. इथला मानवेल बांबू जाड भिंतीचा, गाठीगाठीला घट्ट. किरणाचा फोकस एका ठरावीक अंतरावरच बारीक असतो, गोल कांडीवर तो क्षणात सुटतो. कांडीवर कोरायचं तर ती फिरवणारी रोटरी लागते. कापायचं तर पट्ट्या सोलून, वाळवून, चिकटवून सपाट कराव्या लागतात. वर हवेचा चांगला झोत, म्हणजे एअर असिस्ट, नसेल तर कडेचा कोळसा होतो. काय कापणार, किती जाड, लाइट किती तास असते, व्होल्टेज किती पडतं, यातला एकही प्रश्न तुम्ही विचारला नाहीत. विचारलंत ते एवढंच: "लोन किती मंजूर होईल?" पीएमईजीपी या सरकारी योजनेत ग्रामीण भागातल्या महिलांना ३५ टक्क्यांपर्यंत अनुदान मिळतं हे तुम्हाला तोंडपाठ होतं. उरलेलं कर्ज त्यांना फेडायचं आहे, हे विसरलात.

गावात अशी यंत्रं चालत नाहीत, असं आता तुम्ही सांगत फिरता. पाबळच्या विज्ञान आश्रमात २००२ पासून फॅब लॅब आहे, तिथे खेड्यातली मुलं यंत्रं हाताळतात. आणि ज्या कार्बन डायऑक्साइड लेझरवर तुमचा धंदा उभा आहे, तो १९६४ साली बेल लॅब्समध्ये शोधणारे सी. कुमार पटेल बारामतीत जन्मले, पुण्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकले. बुद्धी मुंबई-दिल्लीच्या शोरूममध्येच राहते, हे आम्हाला शिकवू नका.

चिचपल्लीला बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र आहे, ताडोब्याच्या वाटेवर गिऱ्हाईक आहे, बायकांच्या हातात कसब आहे. मध्ये फक्त तुम्ही आलात.

तेव्हा असं करा. सव्वा मीटरची नळी आणा, कॉम्प्रेसरचा चिलर आणा, एक्झॉस्ट बाहेर काढून द्या, इलेक्ट्रिशियन आणून अर्थिंग करून घ्या, आणि काय कापायचं नाही याची यादी मराठीत लिहून भिंतीवर लावा. मग मे महिन्यात, दुपारी दोन वाजता, त्याच शेडमध्ये डेमो द्या. बांबू आम्ही देऊ. पुढच्या गटाच्या कोटेशनवर सही हवी असेल तर त्या दुपारनंतर मागा.

चंद्रपुरातला एक कारागीर